मी शास्त्रज्ञ आहे की तंत्रज्ञ?

पत्राचा सारांश: एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय २६. रसायनशास्त्रात एमएस्सी झाल्यावर तीन वर्षं त्या एका चाचणी प्रयोगशाळेत एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवतात. नमुने येतात, ठरलेल्या पद्धतीने ते तपासायचे, आकडे अहवालात भरायचे. नात्यातले लोक कौतुकाने 'आमची शास्त्रज्ञ' म्हणतात आणि दर वेळी त्यांना ओशाळल्यासारखं होतं, कारण 'मी कसला शोध लावते? मी बटणं दाबते.' प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठांनी तर सांगूनच टाकलं की पीएचडी नाही तर शास्त्रज्ञ नाही. आता तीन वाटा समोर आहेत: पीएचडीला अर्ज करायचा, उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरची नोकरी धरायची, की आहे तिथेच राहायचं. अर्जाची मुदत चार महिन्यांवर आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की नमुना नसलेल्या ब्लँक रनमध्येही चौदाव्या मिनिटाला एक छोटं पीक, म्हणजे आलेखात एक उंचवटा, येतं. ते मोजायच्या कुठल्याच घटकाच्या जागी येत नाही, म्हणून अहवालात धरायचं नाही आणि त्यात वेळही घालवायचा नाही, असं सांगितलेलं आहे. पण ते त्यांच्या डोक्यातून जात नाही.

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, माफी मागितल्यासारखी लिहिली आहे. चौदाव्या मिनिटाच्या त्या पीकबद्दल सविस्तर बोलायचंच आहे, पण आधी तुमच्या मनावरचं 'शास्त्रज्ञ' या शब्दाचं ओझं थोडं उतरवू.

इंग्रजीतला 'सायंटिस्ट' हा शब्द विल्यम व्ह्यूएल यांनी १८३३ साली सुचवला आणि १८३४ मध्ये तो छापून आला. न्यूटनच्या काळात अशा माणसाला निसर्गाचा तत्त्वज्ञ म्हणत. म्हणजे काम आधीपासून चालू होतं, नाव फार उशिरा आलं. आणि अजूनही हे नाव बरंच सैल आहे. डॉक्टरला नोंदणी लागते. पुलाच्या आराखड्यावर सही करणाऱ्या इंजिनिअरला बऱ्याच देशांत परवाना लागतो. शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी असं काही लागत नाही. काही संस्थांत ते नुसतं पदाचं नाव असतं, आणि त्या पदावरचा माणूस दिवसभर खरेदीच्या फायली बघत असू शकतो. तुमच्या वरिष्ठांनी पदवी आणि व्यवसाय या दोन गोष्टी एकत्र केल्या. स्वतंत्र संशोधक म्हणून नोकरी मिळवायला बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते, इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पुढचं मला पटत नाही.

मग ओळखायचं कसं? 'मी कोण' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि एखादा आकडा विचित्र आला की कोण काय करतं ते बघा. तुमचंच पीक घेऊ. चांगला तंत्रज्ञ आधी यंत्र तपासेल: पंपाचा दाब हलतोय का, सुई धुतली जातेय का, दिवा म्हातारा झालाय का. त्याला यंत्र पुन्हा भरवशाचं करायचं असतं आणि ते झालं की त्याचं काम पुरं. विश्लेषक विचारेल की या पीकमुळे अहवालातला आकडा बदलतो का. नसेल बदलत, तर नोंद करून तो पुढे जाईल, आणि ते योग्यच आहे, कारण नमुना पाठवणाऱ्याला ठरलेल्या वेळेत विश्वासार्ह उत्तर हवं असतं. इंजिनिअर विचार करेल की हे पीक आलं तरी बिघडणार नाही अशी रचना कशी करायची: फिल्टर लावू, ग्रेडियंट (यंत्रातून वाहणाऱ्या द्रावकांचं बदलत जाणारं प्रमाण) थोडा बदलू, दोन पीकमधलं अंतर वाढवू. कारण पुरतं कळलं नाही तरी त्याचं अडत नाही, खर्च आणि सुरक्षितता सांभाळून वस्तू चालली पाहिजे. शास्त्रज्ञाचं मात्र तिथेच अडतं. हे आहे काय, कुठून येतं, आणि मी अमुक बदललं तर ते तमुक प्रमाणात बदलेल असं आधी सांगता येईल का, याचं उत्तर मिळेपर्यंत त्याचं काम संपत नाही. शिवाय ते उत्तर अशा तऱ्हेने मांडावं लागतं की दुसऱ्या कुणाला तेच करून बघता यावं आणि चूक असेल तर ती दाखवता यावी.

ही चार माणसं वेगळीच असली पाहिजेत असंही नाही. एकाच माणसाला सकाळी तंत्रज्ञ आणि दुपारी शास्त्रज्ञ व्हावं लागतं. गणितज्ञ मात्र खरंच वेगळा: त्याचा निवाडा सिद्धतेवर होतो, मोजमापावर नाही. वैद्यही वेगळा, कारण त्याला समोरच्या एका रुग्णासाठी अपुऱ्या माहितीवर आजच निर्णय घ्यायचा असतो. 'अजून मोजमाप हवं' म्हणून थांबायची सोय त्याला नसते.

आता तुमच्या पत्रात न बोलता धरलेल्या दोन गोष्टी. पहिली अशी की तंत्रज्ञ खालच्या पायरीवर, इंजिनिअर मधल्या आणि शास्त्रज्ञ वरच्या. इतिहासात ही उतरंड दिसत नाही. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ साली चालू झालं, वॉटने वाफ थंड करणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट १७६९ मध्ये घेतलं, आणि अशा इंजिनातून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं याचा सिद्धांत सादी कार्नोने १८२४ मध्ये मांडला. शंभरहून अधिक वर्षं यंत्र पुढे होतं आणि विज्ञान त्याच्या मागून येत होतं. इंजिनिअर म्हणजे विज्ञान 'वापरणारा' माणूस, ही समजूत इथेच कोलमडते. पेनिसिलिनचंही तसंच. फ्लेमिंगने बुरशीचा परिणाम १९२८ मध्ये पाहिला, पण औषध हाती यायला ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटाची गरज लागली. त्या गटात नॉर्मन हीटली होते. बुरशी कशात वाढवायची, पेनिसिलिन द्रावणातून शाबूत बाहेर कसं काढायचं आणि ते किती आहे हे मोजायचं कसं, हे ज्यांच्या हातांनी जमवलं ते हेच. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलींचं काम तुमच्या पत्रातल्या पट्टीने मोजलं तर 'बटणं दाबणं'च ठरेल.

दुसरी समजूत 'मी शोध लावत नाही' ही. रोज शोध लावणारा शास्त्रज्ञ कुठेच नसतो. त्याचा दिवस बघा: दुसऱ्यांचे निबंध वाचणं, बंद पडलेलं यंत्र चालू करणं, ब्लँक आणि प्रमाण द्रावणं चालवणं, जमलेल्या आकड्यांवर संख्याशास्त्र लावणं, निधीसाठी अर्ज लिहिणं, विद्यार्थ्यांचे मसुदे दुरुस्त करणं, कुणाचा निबंध छापायच्या आधी तपासून देणं. यातला मोजमापाचा भाग तुम्ही तीन वर्षं करताय आणि बऱ्याच नव्या पीएचडी विद्यार्थ्यांपेक्षा तो तुम्हाला नीट येतो. नसलेला भाग म्हणजे स्वतःचा प्रश्न. तो तुमच्या पत्रात आहे, फक्त तुम्ही त्याला प्रश्न म्हणत नाही.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं उदाहरण इथे अगदी चपखल बसतं. ते वायूंची घनता फार काटेकोरपणे मोजत होते. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्यावरून काढून टाकून मिळवलेला नायट्रोजन, अमोनियाच्या मदतीने मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा हजारात एका भागाने जड भरला. इतक्याशा फरकाला 'चूक असेल' म्हणून सोडता आलं असतं. रॅलेंनी १८९२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारलं. आणि मग, ज्यासाठी ही हकीकत सांगायची ती गोष्ट केली: फरक कमी करण्याऐवजी वाढवला. अमोनियाच्या पद्धतीत ते हवा वापरत होते, त्यामुळे तयार होणाऱ्या नायट्रोजनमध्ये मोठा हिस्सा हवेतलाच होता. हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन वापरला, तेव्हा सगळा नायट्रोजन अमोनियातून आला आणि फरक एकदम अर्ध्या टक्क्यावर गेला. आता ती मोजमापाची चूक उरली नव्हती. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी जड मिसळलेलं होतं. १८९४ मध्ये रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी तो एक नवाच वायू असल्याचं जाहीर केलं: आर्गॉन, हवेचा जवळजवळ एक टक्का.

तुमच्या पीकचं हेच करा. ते घालवायच्या मागे लागू नका, मोठं करून बघा.

तुम्ही पद्धतीचा तपशील दिलेला नाही, पण चौदाव्या मिनिटाला ब्लँकमध्ये येणारं पीक ऐकल्यावर मला पहिला संशय मोबाइल फेजच्या, म्हणजे यंत्रातून वाहणाऱ्या द्रवाच्या, पाण्याचा येतो. सी-१८ कॉलमवर (घटक वेगळे करणारी भरीव नळी) ग्रेडियंट चालवताना दोन रनच्या मध्ये कॉलमवरून बराच वेळ जास्त पाण्याचा मोबाइल फेज जात असतो. पाण्यात अगदी कणभर सेंद्रिय अशुद्धी असली तर ती कॉलमच्या तोंडाशी साठत राहते, आणि ग्रेडियंटमध्ये सेंद्रिय सॉल्व्हंट वाढलं की एकत्र सुटून पीक बनून येते. हा अंदाज खरा असेल तर इक्विलिब्रेशन, म्हणजे पुढच्या रनआधी कॉलम पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणायचा वेळ, जितकं लांबवाल तितकं पीक मोठं झालं पाहिजे. सुई, व्हायल (नमुन्याची कुपी) किंवा आधीच्या नमुन्याचा उरलेला अंश कारणीभूत असेल तर इक्विलिब्रेशनने त्याला फारसा फरक पडू नये. एकाच प्रयोगात दोन अंदाजांची फारकत होते, म्हणूनच हा प्रयोग करण्यासारखा आहे.

आधी प्रमुखांची परवानगी घ्या, यंत्र मोकळं असेल असा दिवस मागा, आणि नमुन्यांच्या नेहमीच्या कामाचा कॉलम वापरू नका, जुना घ्या. १५० मिलिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा कॉलम आणि मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह धरला, तर कॉलममधली द्रवाची जागा साधारण दीड मिलिलिटर. तिच्या दहापट द्रव जाऊ द्यायचा या नेहमीच्या हिशेबाने किमान १५ मिनिटं इक्विलिब्रेशन हवं. म्हणून १५, ३० आणि ६० मिनिटं अशा तीन वेळा निवडा, प्रत्येक तीनदा. तुमचा रन २५ मिनिटांचा असेल तर नऊ रनची २२५ मिनिटं आणि इक्विलिब्रेशनची ३१५, मिळून ५४० मिनिटं. बरोबर नऊ तास. सकाळचा पहिला रन वेगळा चालवून टाकून द्या, कारण रात्रभरात कॉलमवर काय साठलंय ते सांगता येत नाही.

आता जिथे हटकून चूक होते ती जागा. आधी तीनही १५ मिनिटांचे, मग ३० चे, मग ६० चे असा नीटनेटका क्रम लावायचा मोह होईल. तसं केलंत आणि पीक वाढत गेलं, तर ते इक्विलिब्रेशनमुळे वाढलं की बाटलीतलं पाणी दिवसभरात खराब होत गेलं म्हणून, हे कधीच सांगता येणार नाही. क्रम पिसून घ्या: ३०, ६०, १५, ६०, १५, ३०, १५, ३०, ६० असा काहीतरी. सगळे रन एकाच बाटलीच्या पाण्यावर. तापमान कायम ठेवा, नाहीतर पीकची जागाच सरकेल. त्या दिवशी दुसरं काहीही बदलू नका, अगदी 'आलोच आहोत तर फिल्टरही बदलून टाकू' म्हणूनसुद्धा नाही.

आणि यंत्र चालू करायच्या आधी, वहीत, तारीख घालून, काय होईल असं वाटतं ते लिहा. पीकचं क्षेत्रफळ वाढेल की नाही, किती वाढेल. ही एक ओळ लिहायला सगळ्यांना जीवावर येतं, आणि ती नसली की नंतर दिसलेली कुठलीही रेषा 'मला वाटलंच होतं' होऊन बसते. वाचकांपैकी जे कुणी कसलंही मोजमाप करतात, मग ते रसायनाचं असो की आकडेवारीचं, त्यांनी हे वाक्य तरी उचलावं.

शेवटी वेळ आडवी, क्षेत्रफळ उभं असा आलेख काढा. पाण्याचा संशय खरा असेल तर नऊ बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतील. पण ती रेषा शून्यातून जाणार नाही, थोडी वर राहील, आणि हे बघून बिचकू नका. ग्रेडियंटच्या सुरुवातीची मिनिटंही पाणीच कॉलमवरून जात असतं, ते मिनिटांच्या हिशेबात तुम्ही धरलेलं नाही. किती वर राहील याचा अंदाजही आधी बांधता येईल, तो बांधाच. दुसऱ्या एखाद्या दिवशी फक्त पाणी बदला, ताजं किंवा वेगळ्या लॉटचं. रेषेचा चढ कमी झाला तर पाण्याचा दोष पक्का. पहिल्याच दिवशी चढ मिळाला नाही तर काहीही इंजेक्ट न करता ग्रेडियंट चालवून बघा. पीक गेलं तर इंजेक्टर आणि व्हायल, त्यातही झाकणाच्या रबराकडे वळा.

हे सगळं करून नवा शोध लागणार नाही हे मी आत्ताच सांगून ठेवते. पाण्यातल्या अशुद्धीने येणारी पीक एचपीएलसीवाल्यांना चांगली माहीत आहेत. प्रयोगशाळेला एक उपयोगाची नोंद मिळेल एवढंच. पण तुम्हाला जे समजेल ते कुठल्याही सल्लागाराकडून समजणार नाही. नऊ तासांनंतर दोन बिंदू रेषेबाहेर पडले, तर तुम्हाला वैताग येतो की 'हे दोनच का?' असं पुन्हा मागे जावंसं वाटतं? पीएचडीचा बराचसा काळ अशा रेषेबाहेरच्या बिंदूंसोबतच जातो, आणि तेही एकट्याने.

मग दोन पानं लिहा: प्रश्न, काय केलं, आलेख, काय सिद्ध झालं, काय नाही झालं. 'काय नाही झालं' हा भाग सगळ्यात जास्त वेळ घेईल. ती पानं अशा कुणाला दाखवा जो चुका काढेल. चुका काढल्यावर दोन दिवस वाईट वाटलं तर ते स्वाभाविक आहे. पण त्यानंतर प्रयोग सुधारावासा वाटला की नाही, याची नोंद ठेवा.

आता तीन वाटांविषयी. लिहायला बसल्यावर तुमचा वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर पीएचडीला अर्ज करा. पण विषयाआधी मार्गदर्शक निवडा. त्यांच्या हाताखालच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारा: मागच्या पाच जणांना किती वर्षं लागली, कुणी मध्ये सोडलं का आणि का, ते आता काय करतात, यंत्रावर वेळ कसा मिळतो, मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो. उत्तरं टाळली गेली तर तेही उत्तरच आहे. विद्यावेतन किती वर्षांचं आहे आणि काम लांबलं तर काय, हे लेखी घ्या. आणि 'डॉक्टर' ही उपाधी हे तुमचं मुख्य कारण असेल तर थांबा. तीन ते सहा वर्षांची किंमत मोजून नात्यातल्या लोकांसमोरचं ओशाळलेपण घालवायचं, हा सौदा महाग आहे.

प्रयोग करताना मजा आली ती पीक घालवण्यात, यंत्र सुधारण्यात, दुसऱ्याला 'हे असं कर' सांगण्यात, तर कंपनीची नोकरी तुम्हाला मानवेल. अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरला आठवड्याला नव्या प्रयोगशाळेची नवी अडचण मिळते, आणि ती त्याच आठवड्यात सोडवावी लागते. प्रवास किती आणि विक्रीचं लक्ष्य तुमच्या डोक्यावर आहे का, हे मात्र आधी विचारा. पदाच्या नावावरून हे कळत नाही.

आहे तिथे राहणं ही तुमच्या पत्रातली सगळ्यात दुर्लक्षित वाट. पद्धत विकसित करणं, ती तपासून प्रमाणित करणं, असं काम तुमच्याच प्रयोगशाळेत कुणीतरी करत असेल. ते मागून घ्या. तिथे प्रश्न तुमचा असतो आणि उत्तराचा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसतो. काहीच द्यायला ते तयार नसतील, तर मग निघायला हरकत नाही.

चार महिने म्हणजे या प्रयोगासाठी भरपूर वेळ आहे. यंत्राचा एक दिवस मागायला आणि मिळायला महिना जाईल, मोजमापाला दोन दिवस, लिहायला पंधरा दिवस, चुका काढून घ्यायला आणि एकदा पुन्हा करायला आणखी महिना. तरीही मुदतीला जवळजवळ दीड महिना उरतो. परवानगीचा अर्ज या सोमवारी द्या, आणि अर्जात 'ब्लँकमधल्या अनोळखी पीकचं कारण शोधणे' असं स्पष्ट लिहा, म्हणजे हा तुमचा छंद न राहता प्रयोगशाळेच्या नोंदीत येईल.